साठ लिटरचं सुतक

वेळचेरी, चेन्नई
२० डिसेंबर २०२३

अण्णा,

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही आणि खाली नमस्कारही येणार नाही. घाईत राहिलं असं समजू नकोस.

काल तुळजावहिनींचा फोन आला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला त्रास होतो म्हणून तू फोनवर येत नाहीस म्हणे. डोळ्याचं ऑपरेशन करून कान कधीपासून बंद व्हायला लागले? वहिनी म्हणाल्या, "अंबू, टीव्हीवर दोन दिवस ओरडत होते वादळ येतंय म्हणून. घोटभर तण्णी भरून ठेवायला काय जालं होतं गे तुला? यांचे ओठ फुटले की तहानेनं." मी विचारलं, पाणी भरलं नव्हतं हे तुम्हाला कोण बोललं? "हेच बोलले. सगळ्यांना सांगतात, बिचारी अंबू थकली आता, तिला काही सुचत नाही."

आपल्याच बायकोला तू हे सांगितलंस! बाहेरच्यांना काय काय सांगितलं असशील देव जाणे.

तर आता मी सांगते, कारण तू गाळून सांगतोस. गिंडीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट, वॉशर, पट्टे, ग्रीसचे डबे. माल संपला म्हणून मशीन थांबलं असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. २०१५च्या पुरात आम्ही चार दिवस अडकलो, तेव्हापासून घरातही मी स्टोअरच चालवते. एकदम खरेदी करून खिसा रिकामा करायचा नाही, दर आठवड्याला भाजीबरोबर एक पाकीट जास्तीचं आणायचं. पोहे, चुरमुरे, भाजलेला रवा, डाळं, शेंगदाणे, गूळ. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी, जुनं पुढे नवं मागे, आणि जुनं आधी संपवायचं. आमचे वेंकट चेष्टा करतात की या घरात आपण नेहमी मागच्या महिन्यातलं जेवतो. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. तीन माणसं, पाच दिवस, साठ लिटर. वीस-वीस लिटरचे तीन केन, सीलसुद्धा न फोडलेले, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. भांड्यांना आणि अंघोळीला दोन पिंपं निराळी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू आमच्याकडे आला होतास, म्हणून तीन माणसं. तुझ्या वाटणीचा केन मी शनिवारी सांगून मागवला.

रविवारी दुपारी वेंकटच्या गोळ्या आणायला गेले. वादळाच्या भीतीनं औषधाच्या दुकानात ही रांग. दीड तासानं भिजून घरी आले, तर न्हाणीघरात तिन्ही केन उपडे. पिंपं आडवी. घागरीसुद्धा सोडल्या नव्हत्यास. वेंकट आत झोपलेले, आणि तू ओल्या अंगानं पाटावर बसलेला. "व्यंकोजी गेला गे अंबू. तंजावराहून फोन आला. दहा दिवस सुतक जालं आम्हास. घरातली तण्णी ठेवता येईना, सगळी ओतली."

डॉक्टरनं वाकू नको म्हणून बजावलं होतं. डोळ्यात थेंब घालायला तुला माझा हात लागायचा. वीस लिटरचे केन आडवे करायला मात्र कुणाची मदत लागली नाही.

व्यंकोजी माझाही चुलतभाऊ होता. दहा मिनिटं मी रडले. मग नळ सोडला तर नुसती हवा आली. वीज गेलेली, मोटर बंद, आणि वरच्या टाकीतलं पाणी चारी बिऱ्हाडांनी तोवर भरून घेतलेलं. कोपऱ्यावरच्या दुकानात रिकाम्या केनची रास होती, भरलेला एकही नव्हता.

सोमवारी सकाळी तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. आम्ही पहिल्या मजल्यावर म्हणून वाचलो. घरात आठवड्याचं खाणं होतं आणि पोहे भिजवायला पाणी नव्हतं. रवा होता, शिजवणार कशात? कोरडे चुरमुरे चावत बसलो. मी गच्चीत जाऊन पन्हळीखाली दोन घागरी धरल्या, तुझ्या जुन्या धोतराच्या फडक्यानं गाळल्या, गॅस पुरवून पुरवून उकळल्या. त्या गच्चीत कबुतरं काय करतात हे मला ठाऊक होतं, पण दुसरं काय देणार होते? आणि मंगळवारी सकाळी तू मला म्हणालास, "अंबू, आचमनापुरती शुद्ध तण्णी दे गे." शुद्ध! ती घागर तुझ्या डोक्यावर ओतली नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं पुण्य.

बुधवारी वेंकटना जुलाब सुरू झाले. साखरेचा रोगी माणूस, दुपारपर्यंत उभं राहवेना. होडीतून नेलं. सिरुसेरीहून कीर्तना आणि कौशिक कसेबसे पोचले. बापाच्या हाताला सलाइन बघून मुलीनं मला विचारलं, "अम्मा, घरात पाणी नव्हतं? तुझ्या घरात?"

तू समोरच्या बाकावर होतास. काळा चष्मा, मान खाली. मी म्हणाले, "भरायचं राहिलं. विसरले."

तू मोठा भाऊ, ताजं सुतक, आणि जावयासमोर तुझी शोभा नको, म्हणून बोलले. मला वाटलं तू मान वर करशील आणि म्हणशील, नाही, मी ओतलं. मी थांबले होते त्यासाठी. तू नर्सला संडास कुठं आहे ते विचारलंस.

वहिनींना खरं सांग. ज्यांना ज्यांना बिचारी अंबू सांगितलीस त्यांना सांग.

अंबुजा


९ जानेवारी २०२४

अण्णा,

उत्तर आलं नाही. तेव्हा माझा राग होता, आता माझं घर आहे. म्हणून पुन्हा लिहिते.

कीर्तनानं कोइंबतूरजवळ वृद्धांच्या वसाहतीत आमच्यासाठी जागा धरली आहे. मार्चअखेर तिथं जायचं आणि हा फ्लॅट विकायचा. "तिथं सगळं ते बघतात अम्मा, पाणी, जेवण, डॉक्टर. तू काहीच लक्षात ठेवायला नको." मी काहीच लक्षात ठेवायला नको! वेंकट दुखण्यातून उठल्यापासून लेक म्हणेल त्याला मान हलवतात. त्यांना सहा तारखेपर्यंतचं काही नीट आठवतही नाही, मी विसरले एवढंच त्यांनी ऐकलेलं.

मी तिला खरं सांगितलं. बसवून, पहिल्यापासून. ती कौशिककडे बघायला लागली. मग डॉक्टर पेशंटशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "अम्मा, हॉस्पिटलमध्ये तू म्हणालीस विसरले. आता म्हणतेस मामानं ओतलं. कुठलं खरं?" आणि माझ्यासमोर तुला फोन लावला. आश्चर्य म्हणजे तू उचललास. तिला म्हणालास, "जाऊ दे गे बाळ. वय जालं तिचं. होतं असं."

त्यानंतर तिनं मला डॉक्टरकडे नेलं. घड्याळ काढायला लावलं. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारले. मी सुलटे सांगितले आणि उलटेही सांगितले. डॉक्टर खूश. बाहेर आल्यावर कीर्तना म्हणते, "काही दिवस चांगले असतात अम्मा, काही नसतात." आता मी काही आठवून सांगितलं तर ते मनचं, आणि नाही आठवलं तर रोग. सुटायला वाट ठेवली आहेस का?

तुझ्यासाठी बोललेलं एक खोटं माझ्याच गळ्यात आलं, हे मी कबूल करते. ते माझं चुकलं. बाकीचं तुझं.

आणि तुझ्या शास्त्राचंही ऐक. मागच्या आठवड्यात तिरुवल्लिकेणीला सेतुमाधवाचार्यांकडे गेले होते. कुणाचं नाव न घेता विचारलं की बहिणीकडे राहायला आलेल्या भावाला चुलतभावाचं सुतक आलं तर बहिणीच्या घरचं पाणी ओतायचं का. ते हसले. म्हणाले, "लग्न झालेल्या बाईला माहेरच्या चुलतभावाचं सुतक कुठलं? अंघोळ केली की झालं. घर तिच्या नवऱ्याच्या गोत्राचं. त्या पाण्याला काय होणार आहे? कुठल्या अडाण्यानं ओतलं?"

तंजावरातली आपली पन्नास घरं सुतक कितीचं, कुणाला, कधीपर्यंत, ते तुला विचारून पाळतात. तू चुकलास हे बाहेर पडलं तर उद्या कोण विचारायला येईल, ही तुझी भीती आहे. मला ती कळते, आणि कळते म्हणून जास्त संताप येतो. तुझी पन्नास घरं राहावीत म्हणून माझं एक जायला हवं?

कीर्तनाला चार शब्द लिहून पाठव. "पाणी मी ओतलं होतं." शास्त्र लिहू नकोस, कारण लिहू नकोस. चारच शब्द.

अंबुजा


६ फेब्रुवारी २०२४

अण्णा,

तुझं कार्ड आलं. महिनाभर विचार करून लिहिलंस: "लग्न जाले म्हणोन तुझे घर परके, असे मी कधीही मानिले नाही. आपले घर समजोन सुतक पाळिले. यात माझे काय चुकले?"

खोटं कशाला सांगू, वाचून क्षणभर बरं वाटलं. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. आणि मग जो भडका उडाला तो अजून शांत झालेला नाही.

२००९ साली नानांच्या घराचे कागद घेऊन तू याच फ्लॅटमध्ये आला होतास. हॉलमध्ये, याच खुर्चीवर बसून म्हणालास, "अंबू, तुझं गोत्र निराळं जालं. त्या घरात आता तुझं काय गे? सही कर." वेंकट म्हणाले वाचून तरी बघ. मी न वाचता सही केली. मोठा भाऊ आहे, म्हणाले. तेव्हा कुठं होतं तुझं "आपले घर"? वाटणीला मी परकी आणि सुतकाला आपली? हे कुठल्या पोथीत आहे ते मला पान सांग.

सह्या करून मी तेव्हा एक शब्द बोलले नाही, आजही ते घर मागत नाही. मी माझंच घर मागते आहे.

ते कार्ड मी कीर्तनाला वाचून दाखवलं. यात तो ओतलं म्हणून कबूलच करतोय ना, म्हणाले. ती म्हणाली, "सरी अम्मा." बरं अम्मा. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा आपण म्हणतो ना बरं, तसं. तिला आपली अक्षरं येत नाहीत. नानांनी तुला आणि मला पाटीवर बाळबोध गिरवून घेतलं, मी माझ्या मुलीला शिकवलं नाही, कामाच्या धबडग्यात राहून गेलं. वेंकट मराठी बोलतात, वाचत नाहीत. तेव्हा तुझं कार्ड या घरात वाचणारी मी एकटी, आणि माझ्या वाचनावर आता कुणाचा विश्वास नाही. कौशिकनं फोननं फोटो काढून भाषांतर करून बघितलं. तुझ्या त्या वळणदार अक्षरातून फोननं काढलं की सासूबाई पाण्यावर चालल्या. सगळे हसले. मीही हसले, नाहीतर कीर्तना माझं चुकलेलं-विसरलेलं टिपते त्या वहीत तेही गेलं असतं.

तेव्हा तमिळमध्ये लिही. सदतीस वर्षं तू शाळेत तमिळमधून गणित शिकवलंस, चार शब्द जड जाऊ नयेत.

अंबुजा


१९ फेब्रुवारी २०२४

अण्णा,

घर बघायला माणसं येऊन गेली. नवरा-बायको, चांगली वाटली. बाईनं स्वयंपाकघराचं कपाट उघडलं, माझे चिठ्ठ्या लावलेले डबे बघितले आणि विचारलं, इथं दुकान होतं का? कीर्तना म्हणाली, अम्माची सवय आहे. होती म्हणाली नाही, आहे म्हणाली, तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

तू तिच्या पत्त्यावर लिहितो आहेस असं वहिनींनी कळवलं. लवकर लिही. मार्च उद्यावर आला.

अंबुजा


३ मार्च २०२४

अण्णा,

तू कीर्तनाला पाठवलेलं पाकीट आज सकाळी ती घेऊन आली. उघडून आत बघितलं होतं आणि पुन्हा बंद केलं होतं, कारण तू मराठीत लिहिलंस. तमिळमध्ये लिही म्हणून मी स्पष्ट सांगितलं असताना, ज्या मुलीला वाचता येत नाही हे तुला पक्कं माहीत आहे तिला दोन पानं भरून मराठीत लिहिलंस. ती म्हणाली, "अम्मा, वाच. मला ऐकून कळतं."

टेबलाच्या एका बाजूला मी. समोर कीर्तना, कौशिक, आणि कान पुढे करून वेंकट. घराच्या सौद्याचे कागद बाजूलाच पडलेले, उद्या सह्या होत्या.

मी सुरुवात केली. अनेक आशीर्वाद, इकडील कुशल. डोळे तोंडाच्या पुढे धावतात हे तुला माहीत आहे. दुसऱ्या ओळीला मला दिसलं तू पुढे काय लिहिलं आहेस ते.

अण्णा, त्या क्षणी त्या कागदात मी काहीही वाचू शकले असते. "पाणी मी ओतलं होतं, तुझ्या आईचा काही दोष नाही." दोन महिने मी जे चार शब्द मागत होते ते नुसते तोंडानं म्हणायचे होते. त्या खोलीत मला पकडणारं कुणी नव्हतं. कीर्तना माझ्या ओठांकडे बघत होती. मी वाचलं असतं आणि माझं घर राहिलं असतं. जीभ वळलीसुद्धा होती, खरं सांगते.

मग मी तू लिहिलं होतंस ते वाचलं.

"पाणी ओतावे असे तुझे आईनेच सुचविले. मी वडीलधारा म्हणोन होकार दिला, इतकेच. अलीकडे तिचे ध्यानात काही राहत नाही. याकरिता तिजला बोल लावू नये. लवकर आपलेजवळ न्यावे, एकटे ठेवू नये."

सगळं वाचलं. खालचा आशीर्वादही वाचला. खरं बोलायची हौस म्हणून नाही वाचलं. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले त्याचं काय झालं ते भोगते आहे, आणि माझ्यासाठी बोलले असते तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय उरला असता? तो फरक मला घरापेक्षा मोठा वाटला. एवढा राग माझ्यात होता.

कागद खाली ठेवला. कीर्तनानं विचारलं, "असंच लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"ते तुझ्या लक्षात राहत नाही वगैरे पण?"

"तेही."

तिनं कागद स्वतःकडे ओढला. एक अक्षर कळत नसताना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "अम्मा, मला वाचता येत नाही. तू दुसरं काहीही वाचू शकली असतीस."

"हो."

"मग वाचलं का नाहीस?"

मी म्हणाले, "पत्र तुझं आहे. त्यात जे आहे ते तुला कळायला हवं."

कौशिक खुर्चीत पुढे सरकला, काही बोलणार होता, तिनं हातानंच थांबवलं. माझ्याकडे एवढा वेळ तिनं डिसेंबरपासून बघितलं नव्हतं. आणि मग माझी मुलगी, जी आवाज चढवत नाही, ती तमिळमध्ये ओरडली, की मामा खोटं बोलतोय, अप्पा, पाणी भरलेलं होतं, मामा पहिल्यापासून खोटं बोलतोय आणि आपण हिला घड्याळं काढायला लावली! वेंकट रडायला लागले. मी नाही रडले. मला तीन महिन्यांनी पहिल्यांदा खरोखरची भूक लागली.

तिनं तिथंच बसून कोइंबतूरला फोन केला आणि घर बघून गेलेल्या बाईंनाही. त्या बाईंची मला माफी मागावी लागली, ती मी मागितली, कारण त्यांचा काही दोष नव्हता. मग कीर्तना स्वयंपाकघरात आली आणि माणशी किती लिटर धरायचं ते मला विचारलं. तिच्या चौदाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर घरात दोन बाटल्या असतात म्हणे. मी डबे उघडून सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

तर तुझ्या खोट्या पत्रानं माझं घर राहिलं. उद्या तंजावरात तू म्हणशील, शेवटी माझ्याच पत्रानं अंबूचं काम झालं. तसं म्हणू नकोस. तू मला घालवायला लिहिलंस आणि मी ते पत्र माझ्या तोंडानं वाचलं, असं म्हण, किंवा गप्प बस. पन्नास घरांना मी काही कळवणार नाही. ते तुझं तू बघ.

आणखी एक. जेवणं झाल्यावर कीर्तनानं वही आणली आणि माझ्यासमोर बसली. आज अ ते अः झालं. पोरीचा हात चांगला आहे, महिन्याभरात ओळ वाचेल. यापुढे तू या घरी जे पाठवशील ते ती वाचणार आहे. जपून लिही.

अंबुजा